देवीच्या हाराएवढी गाडी

फुलांच्या दुकानासाठी गाडी घ्यायची म्हटल्यावर आमच्या घरात ज्याला त्याला अक्कल फुटली. फुलं कशी न्यायची हे फक्त मला माहीत होतं, आणि मला सोडून बाकी सगळ्यांना विचारून झालं. ते दिवस आठवले की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं दुकान यवतमाळात, बाजाराच्या तोंडाशी, एका शटरचं. सासऱ्यांनी सुरू केलं, ते गेल्यावर मी गादीवर बसले. नवरा कचेरीत बाबू. दीर बोरी अरबला शेती करतात, कापूस, सोयाबीन, तूर. सासूबाई सकाळी दुकानात येऊन झेंडू ओवतात, आणि त्यांच्यासारखा घट्ट हार अख्ख्या बाजारात कोणाचा होत नाही. झेंडू बाभुळगावकडच्या मळ्यातून येतो, गुलाब आणि निशिगंध नागपूरच्या बसनं. गिऱ्हाइकाकडे पोचवायचं काम माझ्या स्कूटीवर, फार झालं तर ऑटोत. गजरे, वेण्या, लहानसहान हार, एवढ्याला ते पुरायचं. लोक आम्हाला ‘गजऱ्याचं दुकान’च म्हणायचे. मला ते नाव भारी टोचायचं.

तर त्या वर्षी श्रावणात आमच्या भागातल्या मोठ्या देवी मंडळाचे अध्यक्ष स्वतः दुकानात आले. नवरात्रात आमच्या गावाला दुसरं काही सुचत नाही, आणि त्यातही हे मंडळ म्हणजे रस्ता अडवून रांग लागणारं. देवीचा रोजचा मोठा हार आजवर दुसऱ्या दुकानाकडे असायचा. अध्यक्ष म्हणाले, “ताई, या साली तुमच्या हातचा घालाव म्हनतो. पण आमचा नेम तुमाले माहीत आहे.”

माहीत कसा नसणार! देवीच्या गळ्यापासून पावलांपर्यंतचा हार, आणि तो अखंड. एका दमात ओवलेला, मधे कुठे जोड नाही, गाठ नाही. तुकडे नेऊन तिथं जोडले तर चालत नाहीत. मांडवात बसून ओवीन म्हणावं तर पहाटेपासून अनवाणी बायांची रांग, तिथं पाय ठेवायला जागा नसते. हार दुकानात करायचा आणि सकाळच्या आरतीआधी न मोडता पोचवायचा.

“आनसान कसा? स्कूटीवर?” त्यांनी विचारलं.

“गाडी घेतो आम्ही,” मी म्हटलं. घरात अजून कोणाशी बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं.

“मंग काय पाह्यता! घट बसायच्या आंधी गाडी दाखवा, नऊ दिवस हार तुमचा. आन एकदा देवीले तुमचा हार आवडला, तं मंग दरसालचा तुमचाच.”

त्या हाराची मला हाव सुटली, सरळ सांगते. तो हार गळ्यात असलेली देवी गावभर फोटोत दिसते. एकदा का तो आपला झाला, की गजऱ्याचं दुकान म्हणायची कोणाची टाप नव्हती. त्या रात्री जेवताना मी घरात सांगितलं, आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

मला लागणारी गाडी अगदी साधी होती. बंद पाहिजे, म्हणजे ऊन लागणार नाही. मागची जमीन बुटकी पाहिजे, म्हणजे मला आणि सासूबाईंना हार वर चढवता येईल. आणि हार आत सरळ झोपला पाहिजे. झेंडूचा जाड हार मधेच मोडला की मोडल्या जागची फुलं चेंगरतात आणि दोऱ्यावर ताण येतो. म्हणून मी हाराच्या मापाची सुतळी कापून पिशवीत टाकली आणि म्हटलं, जिच्यात ही सरळ बसेल ती आपली गाडी.

पहिल्या शोरूममधला पोरगेला सेल्समन नवऱ्याशीच बोलत होता. साहेब ॲव्हरेज, साहेब इंजिन, साहेब सर्व्हिसिंग. साहेबही मान हलवत होते. साहेबांनी जन्मात दुकानात बसून एक गजरा विकलेला नाही! शेवटी सेल्समनला माझी कीव आली असावी. माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, तुमाले कलर कोणता आवडते?”

मी पिशवीतून सुतळी काढली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि गुडघ्यावर आत शिरले.

“अवं, लोकं पाहून राह्यले नं,” नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

“पाहू द्या.”

सुतळी दोन्हीकडून वळली. ती गाडी सात माणसांची, मागं सीटच सीट. नवऱ्याला ती फार आवडली होती. माहूरला जाता येईल, नागपूरला आत्याकडे जाता येईल, लग्नकार्याला सगळं घर एकदम निघेल. मी म्हटलं, “अहो, आपण फुलांसाठी गाडी पाहतोय.”

“फुलं मागच्या सीटखाली ठेवता येतात नं.”

“लोकांच्या चपला राहतात तिथं देवीचा हार ठेवू?”

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, “मंग आपण चपला काढून बसत जाऊ.”

आता सांगा, या माणसाशी काय भांडायचं!

पुढच्या रविवारी बोरी अरबहून दीर आले. ते माणूस म्हणून लाख, पण त्यांना जगातली कोणतीही वस्तू दाखवा, ते तिच्यात कापूस किती मावेल ते पाहतात. “वहिनी, डोकं लावा. पिकअप घ्या पिकअप. तुमची फुलं बी जातील, आन सीझनले माहा कापूस बी जाईल.”

“ती उघडी असते भाऊजी. उन्हानं फुलं माना टाकतात.”

“ताडपत्री टाकाची वरतून.”

“ताडपत्रीखाली शिजतात.”

“काहून शिजतील? आमचा भाजीपाला नाही शिजत तो!”

नवरा मधे पडला. म्हणजे माझ्या बाजूनं नाही, ताडपत्रीच्या रंगाबद्दल. हिरवी घेतली तर कमी तापते म्हणे. दोघं भाऊ अर्धा तास ताडपत्रीवर बोलत बसले आणि मी आत जाऊन भांडी आपटली. पिकअपचा मागचा हौदा माझ्या छातीएवढा उंच होता, त्याच्यात हार चढवायला मला स्टूल लागलं असतं. हे मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा दीर म्हणाले, “ड्रायवर चढवन नं.” कोणता ड्रायव्हर, कुठला ड्रायव्हर, देव जाणे.

श्रावण असाच गेला. गणपती आले. त्यात दिरांच्या कोणा ओळखीच्याची वणीला जुनी बंद गाडी विकायची होती. नवऱ्यानं कचेरीतून रजा काढली आणि आम्ही वणीला गेलो. गाडी बाहेरून बरी होती. सुतळीही सरळ बसली. माझा जीव भांड्यात पडला, तेवढ्यात मी हात टेकून बाहेर आले तर तळवा काळा. वणीची गाडी, कोळशाच्या रस्त्यावर फिरलेली! दाराच्या खाचेत, रबरात, छताच्या पत्र्याच्या जोडात, सगळीकडे बारीक काळी भुकटी. मालक म्हणाला, “धुतली की झालं, ताई.” त्यानं आमच्यासमोर पाणी मारून धुतलीही. मी आपला डोक्यातला नेहमीचा निशिगंधाचा गजरा काढला, आत पसरून ठेवला आणि म्हटलं, एक चक्कर मारून आणा. मालक चक्कर मारून आला. गजरा चुलीतल्या राखेत लोळवल्यासारखा झाला होता.

मी तो नवऱ्याच्या नाकासमोर धरला. ते म्हणाले, “झेंडू असता तं दिसलं नसतं.”

परतीच्या रस्त्यावर मी एक शब्द बोलले नाही. त्यांना वाटलं मला गाडी लागली. मधे थांबवून त्यांनी लिंबू-सरबत पाजलं. मायाळू माणूस आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या जिवाची घालमेल कशापायी चालली आहे हे त्या माणसाला कळत नव्हतं, आणि मी कितीदा सांगायचं? घट बसायच्या आधी गाडी नसेल तर हार गेला. एवढं एकच वाक्य होतं.

आणि मग गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले आणि मला गाडी सापडली. आमच्या गावातच, दुसऱ्या शोरूममध्ये. लहानशी बंद व्हॅन, मागं सीट नाहीत, बाजूनं सरकतं दार, जमीन माझ्या गुडघ्याएवढी. आतून कोरी, स्वच्छ. सुतळी सरळ झोपली आणि वर वीतभर जागा उरली. मी तिथंच खाली मांडी घालून बसले, इतकं बरं वाटलं. गाडी तयार उभी होती. सेल्समन म्हणाला, कागदं द्या, चार-दोन दिवसांत घेऊन जा, सध्या गर्दीही नाही.

संध्याकाळी नवऱ्याला नेऊन दाखवली. दिरांना फोनवर दाखवली. कधी नव्हे ते दोघांनाही पसंत पडली. घरी आल्यावर, दिरांचा फोन चालू असतानाच मी म्हटलं, “तर मग उद्याच कागदं देऊ.”

नवऱ्यानं फोनवरच्या दिरांकडे पाहिलं.

“पितरात?” नवरा म्हणाला.

सेल्समन ‘गर्दी नाही’ का म्हणाला ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पितृपक्ष लागला होता. पण मी म्हटलं, “हो, पितरात. मी या पंधरा दिवसांत दुकान बंद ठेवते का? रोज फुलं विकते, ते चालतं. मग फुलांची गाडी का चालत नाही?”

“मी तसलं काही मानत नाही,” नवरा म्हणाला. हे वाक्य म्हणून माणूस नेमकं पुढं काय करणार ते मला आता पाठ झालं आहे. “पण आईच्या जिवाले लागन. बाबाची तिथ बी याच पंधरवड्यात येते.”

“मग आईंना विचारा.”

“आईले कायले इचारायचं? आपल्याले माहीत नाही का!”

आमच्याकडे हे असंच. मोठ्यांना तोंडावर काही विचारायचं नाही. त्यांच्या मनात काय असेल ते आपणच ठरवायचं, आणि मग ते त्यांच्याच नावावर खपवायचं. मी उठून सासूबाईंकडे जायला निघाले तर नवऱ्यानं हात धरला. “तिले इचारलं तं ती हो म्हनन, आन मनातल्या मनात कुढत बसन. तुले तसं पाह्यजे का?” मी परत बसले खाली.

मी म्हटलं, ठीक, पितर संपले की घटस्थापनेलाच आणू, पहाटे. तर दीर फोनवरून म्हणाले, “वहिनी, आता इतकं थांबलोच आहो तं दसराच साधू नं. साडेतीन मुहूर्तातला. पंचांग पाह्याचं काम नाही.” आणि नवरा म्हणाला, “हे बरोबर बोलला.”

“अहो, दसऱ्याला देवीचे नऊ दिवस संपतात! मला गाडी त्या नऊ दिवसांसाठीच पाहिजे आहे!”

“एका सालानं काय होते? गाडी काही एका सालासाठी घेऊन राह्यलो का आपण?”

मी कपाळावर हात मारून घेतला. अक्षरशः मारला, आवाज झाला. शोरूमवाल्यांनी ती गाडी दसऱ्यासाठी आमच्या नावानं बाजूला लावली. त्या पंधरा दिवसांत मी स्कूटीवरून दोनदा तिकडून गेले. काचेच्या मागं उभी होती, रिकामी.

अध्यक्षांना मी काय सांगितलं? सांगितलं की गाडी ठरली आहे, थोडी मागं-पुढं होईल, तोवर मी कशीही करून हार पोचवते. ते घोटाळले, पण म्हणाले, “पाहा बा ताई. पयल्या दिवशीचा पाहू.” भाड्याच्या गाड्या मी सगळ्या विचारून पाहिल्या. नवरात्रात गावातली एक गाडी रिकामी नव्हती, सगळ्या मंडळांनी आधीच धरून ठेवलेल्या.

घटस्थापनेच्या पहाटे सासूबाई, मी आणि दुकानातल्या दोन बाया, चौघींनी मिळून हार ओवला. पिवळा झेंडू, मधे केशरी, टोकाला पांढऱ्या शेवंतीचं पदक. सासूबाई ओवताना बोलल्या नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत. हार झाला तेव्हा त्यांनी त्याला नमस्कार केला. माझ्या हातून इतकं देखणं काही झालं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

ऑटोत मी मागं बसले. हार मांडीवर, दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर, वर ओलं फडकं. ड्रायव्हरला म्हटलं, “दादा, हळू.” बिचारा हळूच चालवत होता. मांडवाच्या अलीकडे रस्त्यावर गर्दी दाटली, समोरून एक मोटारसायकल घुसली, ऑटोला गचका बसला आणि हार माझ्या हातात मोडला. दोरा तुटल्याचं आधी कळलंच नाही. फुलं घरंगळायला लागली तेव्हा कळलं. देवीच्या हाराची फुलं रस्त्यावर, आणि दर्शनाला निघालेल्या लोकांच्या पायाखाली. मी उतरून वेचायला बसले. “बाजूला व्हा, पाय देऊ नका!” असं ओरडत होते. लोक होत होते बाजूला, पण किती होणार?

मांडवात मंडळाच्या लोकांनी तुटलेले दोन तुकडे गाठ मारून जोडले, कारण आरतीची वेळ झाली होती आणि दुसरा हार नव्हता. पहिल्या दिवशी देवीच्या गळ्यात गाठीचा हार पडला. अध्यक्ष रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले तरी असते. एवढंच म्हणाले, “राहू द्या ताई, उद्यापासून आमी पाहून घेतो.” दुसऱ्या दिवसापासून हार त्या दुसऱ्या दुकानातून आला. त्यांची गाडी आमच्याच दुकानावरून जायची.

दसरा उजाडला. दसऱ्याला फुलवाल्याला मरायलाही सवड नसते. ज्यानं त्यानं नवी गाडी आणलेली, प्रत्येकाला हार पाहिजे. ट्रॅक्टरचा हार, मोटारसायकलचा हार, मशीनचा हार, शस्त्रांचा हार. मी लोकांच्या गाड्यांना हार करत होते आणि माझी गाडी आणायला नवरा आणि दीर मुहूर्तावर शोरूमला गेले होते. दुपारी दुकानासमोर येऊन थांबले. हॉर्नवर हॉर्न. मी बाहेर येऊन पाहिलं तर गाडीच्या पुढं शोरूमवाल्यांनी घातलेला प्लास्टिकच्या फुलांचा हार! फुलांच्या दुकानाची गाडी, आणि प्लास्टिक! बाजार हसत होता. मी तो ओढून काढला.

सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन आल्या. ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग दारावर हात फिरवत म्हणाल्या, “छान आहे वं. पण इतके दिस कायले थांबले तुमी? घट बसायच्या आंधी आणाची होती नं, हार तं नसता मोडला.”

नवरा म्हणाला, “आई, पितर होते नं. बाबाची तिथ...”

“मंग?” त्या म्हणाल्या. “तुह्या बापानं दुकानाची पयली हातगाडी पितरातच आणलती. म्हने, माह्या बापाले पाहून बरंच वाटन. मले कोणं इचारलं?”

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दिरांकडे. दीर गाडीच्या टायरला हात लावून हवा पाहत बसले. मी तोंड उघडलं असतं तर सणाच्या दिवशी बाजारात तमाशा झाला असता. गिऱ्हाइकं उभी होती. मी आत जाऊन फुलं तोलायला लागले.

दसऱ्यानंतर देवी उठायच्या, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा नवऱ्याला फोन आला. मिरवणुकीत सगळे ट्रक गुंतले आहेत, मांडवातलं नऊ दिवसांचं निर्माल्य न्यायचं आहे, तुमची नवी बंद गाडी आहे, येता का? नवरा हरखला. “देवीचं काम! पयली फेरी देवीची, अजून काय पाह्यजे?” मला म्हणाले, तूही चल. मी गेले. का गेले ते मलाच माहीत नाही.

मांडवाच्या मागं सुकलेल्या फुलांचा ढीग होता. मंडळाच्या लोकांनी टोपल्या भरभरून गाडीत टाकल्या. सगळ्यात शेवटी त्यांनी देवीच्या गळ्यातून कालचा मोठा हार उतरवला. दुसऱ्या दुकानाचा. काळवंडला होता, तरी अखंड होता. दोघांनी दोन टोकं धरली, आणि त्या फुलांवर तो अलगद लांबच्या लांब ठेवला.

नवरा मागं येऊन पाहत उभा राहिला. चेहरा खुलला होता. “पाह्य, कसा सरळ झोपला! कुठी मोड नाही. गाडी आपण बरोबर निवडली वं.”

“हो,” मी म्हटलं, “गाडी बरोबर आहे.” आणि मी तिथून चालायला लागले. मागून ते हॉर्न वाजवत होते, “अवं, बस नं! पयली फेरी आहे!” मी वळून पाहिलं नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी ते पुसतही नव्हते.

रस्त्यानं देवीच्या निरोपाला बाया निघाल्या होत्या. त्यांतली एक अनोळखी म्हातारी थांबली, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. देवी चालली म्हणून मी रडते आहे असं तिला वाटलं.

“नको रडू माय,” ती म्हणाली, “पुढच्या साली येतेच नं ते.”